डाव्या हाताला काय देणार?

नगर शहरातून दौंड रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर अरणगाव येतं आणि त्याच्या शेजारी मेहेराबाद. इथल्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. दर ३१ जानेवारीला, अमरतिथीला म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, देशोदेशीची माणसं इथे जमतात. बाबांना मानणाऱ्यांत ‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड होता. या बँडचा ‘हूज नेक्स्ट’ हा अल्बम १९७१ साली आला. त्यातलं पहिलंच गाणं ‘बाबा ओरायली’. नावातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा आणि ओरायली आलं ते टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराच्या नावावरून. बाबांच्या आयुष्याची माहिती सिंथेसायझरला पुरवावी आणि त्यातून जे निघेल त्याचं संगीत करावं, अशी टाउनशेंडची मूळ कल्पना होती.

गाण्याच्या सुरुवातीला स्वरांची एक भराभर उसळती माळ ऐकू येते. ती एखाद्या खोलीभर पसरलेल्या महागड्या सिंथेसायझरची असेल असं ऐकणाऱ्यांना वर्षानुवर्षं वाटत आलं. प्रत्यक्षात ती लाउरी कंपनीच्या ‘बर्कशायर डीलक्स’ या घरगुती ऑर्गनची आहे. अमेरिकेतली मध्यमवर्गीय कुटुंबं दिवाणखान्यात ठेवत, त्यातलंच हे वाद्य. त्यावर ‘मरिंबा रिपीट’ नावाची सोय होती. पट्ट्या दाबून धरल्या की ऑर्गन ते स्वर आपोआप थरथरत, ठेक्यात पुन्हा पुन्हा वाजवायचा. टाउनशेंडने ती एकच सोय पकडली आणि तिच्यावर अख्खं गाणं उभं केलं. त्याच अल्बममधल्या शेवटच्या गाण्यासाठी त्याने लाउरीचा आवाज व्हीसीएस-३ या छोट्या सिंथेसायझरच्या फिल्टरमधून काढला. वाजवायला ऑर्गन आणि आवाज घडवायला सिंथ अशी ती वाटणी होती.

थोड्या पैशांत आपलं संगीत करायला निघालेल्या कोणालाही ही वाटणी नीट समजायला हवी.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. शेवगाव-पाथर्डीपासून अकोल्यापर्यंत तो भजनी मंडळात दिसतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दिसतो, बँजो पार्टीच्या गाडीवर दिसतो, चर्चच्या उपासनेत आणि शाळेच्या गॅदरिंगमध्येही दिसतो. घ्यायला जाणारा बहुतेक वेळा पेटीवर हात बसलेला असतो. दुकानदार डेमोचं बटण दाबतो, आतून अख्खा वाद्यवृंद वाजू लागतो आणि मग आकडे सुरू होतात: सहाशे टोन, दोनशे रिदम. या आकड्यांवर खरेदी ठरते. माझ्या मते ती ठरायला हवी एका वेगळ्याच प्रश्नावर: या वाद्यावर माझा डावा हात काय करणार?

पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर असतो. भाता म्हणजे पेटीचा श्वास. स्वर लागल्यानंतरही तो फुगवता येतो, हळूच विरवता येतो, गायकाने आवाज खाली घेतला की त्याच्यामागे जाता येतं. कीबोर्डवर भाता नाही. तिथे आवाज किती मोठा निघणार हे पट्टीवर बोट किती वेगाने पडलं त्यावर ठरतं, आणि तेही पट्ट्या ‘टच सेन्सिटिव्ह’ असतील तरच. एकदा स्वर वाजला की त्याचं पुढे काय होणार हे यंत्राने ठरवलेलं असतं. म्हणून पेटीवाल्याला नव्या कीबोर्डवर चार दिवसांत काहीतरी हरवल्यासारखं वाटू लागतं. आवाज भरपूर असतात, पण श्वास नसतो.

मोकळ्या झालेल्या त्या डाव्या हाताला काम देण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यावरूनच बाजारातल्या यंत्रांच्या जाती पडतात. पहिली जात ‘अरेंजर’ची. डाव्या हाताने एक कॉर्ड धरायचा, मग यंत्र त्यावर तबला, ढोलकी, बास, गिटार असं सगळं तयार वाजवतं. आपल्याकडे कॅसिओ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक हेच. यामाहाची नावात ‘आय’ अक्षर असलेली मालिका, उदाहरणार्थ पीएसआर-आय ५००, आणि कॅसिओची शेवटी ‘आयएन’ लिहिलेली मॉडेलं खास भारतासाठी काढलेली आहेत. त्यांत तंबोरा, तबला, सतार, शहनाई आणि आपले ताल असतात. दुसरी जात सिंथेसायझरची. इथे डावा हात फिरत्या बटणांवर आणि चाकांवर असतो आणि स्वर वाजत असतानाच त्याचा पोत बदलत राहतो. पेटीवाल्याच्या हाताला हे काम ओळखीचं आहे, कारण भाता हेच तर करत होता. या दोन्हींखेरीज एक तिसरी जात आहे, ‘मिडी कंट्रोलर’ची. त्याला स्वतःचा आवाजच नसतो. नुसत्या पट्ट्या आणि बटणं असतात, आवाज संगणकातून किंवा मोबाइलमधून येतो. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून ‘मिडी’ ही सामाईक भाषा आणली. तिच्या तारेतून आवाज जात नाही, कोणती पट्टी किती जोरात दाबली आणि कधी सोडली एवढीच माहिती जाते. त्यामुळे एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीचा आवाज वाजवू शकते.

सिंथेसायझर आवाज घडवतो म्हणजे नेमकं काय करतो, ते आपल्याच वाद्यांवरून पाहू. तुणतुणं घ्या. एकच तार, काडीने छेडलेली. सिंथवर सुरुवात लहरीच्या आकारापासून होते. करवतीच्या दात्यांसारखी लहर घेतली की आवाज खरखरीत आणि भरलेला येतो. मग ‘एन्व्हलप’ची चार बटणं: आवाज किती लवकर चढावा, किती वेळात खाली यावा, पट्टी दाबून धरली असताना किती टिकावा, सोडल्यावर किती वेळात विझावा. तुणतुण्यासाठी चढ शून्य, उतार सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, टिकणं शून्य. आता ‘फिल्टर’. हा वरच्या, चरचरीत कंपनांना अडवतो. छेडताना तो क्षणभर उघडा आणि लगेच मिटता ठेवला की तार छेडल्याचा ‘टण्’ येतो. शेवटी स्वर सुरुवातीला किंचित चढा लागून पटकन जागेवर यावा अशी सोय केली की तुणतुण्याचा नखरा उतरतो.

हलगीला स्वरापेक्षा फटका महत्त्वाचा. तिथे लहरीऐवजी ‘नॉइज’ घ्यायचा, म्हणजे रेडिओचं स्टेशन लागलं नाही की येते तशी खरखर. तिचा अगदी छोटा तुकडा, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा, मधल्या कंपनांपुरत्या फिल्टरमधून काढायचा आणि त्याखाली झटकन खाली उतरणारी एक साधी गोल लहर ठेवायची. विस्तवावर तापवून ताणलेल्या कातड्याची धार फिल्टर थोडा वर सरकवला की येते. तंबोऱ्यासाठी दोन करवती लहरी एकमेकींपासून केसभर बेसूर लावायच्या आणि फिल्टर अतिशय संथ गतीने उघडझाप करत ठेवायचा. जवारीचं ते झळाळणं पुष्कळसं जवळ येतं. हे करताना हुबेहूब तुणतुणं निघत नाही. निघतं ते तुणतुण्याच्या ओळखीचं, पण आजवर कोणी न ऐकलेलं काहीतरी. स्वतःचं संगीत करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, आणि तयार सहाशे टोनांमध्ये ते सापडत नाही, कारण ते टोन आधीच कोणीतरी ध्वनिमुद्रित करून पक्के केलेले असतात.

यानंतरची कसोटी मींडेची. पट्ट्यांच्या वाद्याला स्वरावरून स्वरावर घसरत जाता येत नाही, ही पेटीबद्दलची जुनी तक्रार आहे. कीबोर्डच्या डाव्या टोकाला ‘पिच बेंड’ नावाचं चाक किंवा दांडी असेल तर ती तक्रार बरीचशी मिटते. उजव्या हाताने पट्टी, डाव्याने चाक, अशी सवय लागायला काही महिने जातात, पण एकदा लागली की शहनाईचा टोन खरोखर शहनाईच्या चालीने हलतो. अगदी स्वस्त मॉडेलांत हे चाक नसतं. गाण्याच्या अंगाने वाजवणाऱ्याने चाक नसलेला कीबोर्ड घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. भले टोन शंभराने कमी मिळोत.

यंत्राची घसरण आणि आपली मींड यांची सांगड किती दूरवर जाऊ शकते हे मुंबईत चरणजित सिंग यांनी दाखवून दिलं. ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवत. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं, ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि टीआर-८०८ हे तालाचं यंत्र, एकत्र जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याची सोय आहे, ती भैरव-ललितला जणू आपणहून मानवली. त्याची तबकडी निघाली, पण त्या वेळी तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. पुढे शिकागोच्या तरुणांनी त्याच टीबी-३०३ वरून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार जगभर नेला. चरणजित सिंगांची तबकडी २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांना हे मुंबईत आधीच होऊन गेलंय यावर विश्वास बसेना.

सुरांची आणखी एक बारीक बाब आहे. कीबोर्डच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले, तर षड्जापासून गंधार ४०० भागांवर येतो. तंबोरा लावल्यावर त्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र साधारण ३८६ वर असतो. धैवतातही सोळाएक भागांचा असाच फरक पडतो. यमन गाणाऱ्या तयार कानाला हा चढा गंधार टोचतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागे मींडेबरोबर हेही एक कारण होतं. आजच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या कीबोर्डांत ‘स्केल ट्यून’ची सोय असते. तीत प्रत्येक स्वर वेगळा थोडा चढवता-उतरवता येतो. गंधार चौदा भाग खाली आणि धैवत सोळा भाग खाली करून तंबोऱ्याच्या टोनवर यमन वाजवून पाहा. फरक समजावून सांगावा लागत नाही. एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. ही जुळणी एका षड्जाला बांधलेली असते, गायकाने पट्टी बदलली की ती नव्याने करावी लागते. पट्टी बदलण्याचं ‘ट्रान्सपोज’ बटण मात्र जवळजवळ सगळ्यांतच असतं. काळी एकवर हात बसलेला वादक बोटं न बदलता गायकाला काळी चार देऊ शकतो.

पट्ट्या किती असाव्यात? पेटीवर वाढलेल्याला ६१, म्हणजे पाच सप्तकं, पुरेशा होतात आणि त्या पूर्ण रुंदीच्या असाव्यात. छोट्या पट्ट्यांवर बोटं अडकतात. ‘पॉलिफनी’ म्हणजे एका वेळी किती आवाज वाजू शकतात तो आकडा. तंबोरा चालू ठेवून वर ताल आणि स्वर वाजवायचे तर ३२ अपुरे पडायला लागतात, ४८ किंवा ६४ बरे. यूएसबीवरून मिडी जात असावी आणि हेडफोनशिवाय आवाज बाहेर काढायला वेगळी जागा असली तर उत्तम.

घरात बऱ्यापैकी लॅपटॉप असेल तर माझी शिफारस बदलते. मग दहा हजारांच्या आसपासचा, चाकं आणि फिरती बटणं असलेला ४९ पट्ट्यांचा कंट्रोलर घ्यावा आणि आवाजासाठी ‘सर्ज एक्सटी’ हा संपूर्ण मोफत, खुल्या स्रोताचा सिंथ संगणकात घालावा. वर सांगितलेलं तुणतुणं, हलगी, तंबोरा तिन्ही त्यात करता येतात. स्वरांची स्वतःची जुळणी करायचीही सोय त्यात आहे. ‘व्हायटल’ची मूळ आवृत्तीही मोफत आहे. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या गाजलेल्या सिंथचा आवाज हवा असेल तर ‘डेक्स्ड’ आहे. थरावर थर रचून गाणं बांधायला ‘एलएमएमएस’ मोफत मिळतं. आणि इथेच पेटीवाल्याला भाता परत मिळतो. कंट्रोलरवर पिच बेंडच्या शेजारी ‘मॉड्युलेशन’चं दुसरं चाक असतं. ते आवाजाच्या पातळीला आणि फिल्टरला जोडलं की डाव्या हाताने स्वर फुगवता येतो, विरवता येतो. पहिल्याच संध्याकाळी हात ओळख देतो.

या मार्गातला अडथळा म्हणजे उशीर. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत वीस मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला की हाताला लय सापडेनाशी होते. विंडोजवर त्यासाठी ‘असिओ’ प्रकारचा ड्रायव्हर लागतो. अनेक अँड्रॉइड फोनांवर हा उशीर जाणवतो, आयफोन-आयपॅडवर कमी. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर वाजवताना कधीच वापरू नये. त्याचा उशीर ताल पार मोडतो. तारेचा साधा हेडफोन त्याहून कितीतरी चांगला.

लॅपटॉप नाही आणि भजन-लग्नाची सुपारीही घ्यायची आहे, अशी परिस्थिती आपल्या जिल्ह्यात बहुतेकांची असते. त्यांना सिंथचा आग्रह धरणं अन्यायाचं होईल. ढोबळमानाने पंधरा ते पंचवीस हजारांत पिच बेंड, टच आणि भारतीय ताल असलेला अरेंजर मिळतो. तो घ्यावा, त्यावर कमवावं, आणि पुढे यूएसबीने त्यालाच कंट्रोलर म्हणून संगणकाला जोडावं. ऑर्केस्ट्रावाले ज्याची शिफारस करतात तो रोलँडचा एक्सपीएस-१० याहून महाग पडतो, पण त्यात सरकती बटणं आहेत आणि बाहेरून आपले ध्वनिमुद्रित आवाज भरता येतात. वापरलेला चांगला मिळाला तर विचार करण्याजोगा आहे.

आणि दोन-चार हजारांचा खेळण्यासारखा कीबोर्डच हातात असेल तर? १९८१ साली कॅसिओने एमटी-४० काढला. छोट्या पट्ट्या ३७, आणि डाव्या हाताला बाससाठी १५ इवल्या कळा. त्यातले तयार ताल ओकुडा हिरोको या नुकत्याच संगीत महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणीने बसवले होते. त्यातला ‘रॉक’ नावाचा ताल १९८५ साली जमैकात वेन स्मिथ आणि निर्माता किंग जॅमी यांनी संथ करून गाण्याला लावला. त्यावर पुढे शेकडो गाणी झाली आणि जमैकाचं संगीत वादकांच्या ताफ्याकडून यंत्रांकडे वळलं. ताल यंत्राचाच होता. त्यांनी गती बदलली, आणि बासच्या त्या चालीत आपला देश ऐकला. तयार रिदम गती निम्मी करून, वरची वाद्यं बंद करून नुसता बास आणि ताल ऐकायची सवय कोणालाही, कुठल्याही कॅसिओवर लावून घेता येते.

नगरमध्ये हाताळायला थोडीच मॉडेलं मिळतात, म्हणून पुण्याची एक फेरी फुकट जात नाही. जाताना स्वतःचा तारेचा हेडफोन न्यावा, कारण आतले स्पीकर प्रत्येक दुकानात वेगळे फसवतात. डेमो लावू न देता एकच टोन निवडून तो हळू आणि जोरात वाजवून पाहावा. जुना घेत असाल तर प्रत्येक पट्टी एकेक करून, तीन ताकदींनी दाबून बघा. पट्टीखालच्या रबरी संपर्कात धूळ गेली की एखादी पट्टी मुकी होते किंवा एकदम जोरात ओरडते. हे दुरुस्त होतं, पण किंमत त्यावर उतरवून घ्या. बॅटरीच्या खणात हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर आत पाणी सुटलेलं आहे. चाक सोडल्यावर स्वर बरोबर मूळ जागी येतो का तेही ऐका.

अ‍ॅडाप्टर मूळचाच घ्यावा. व्होल्टेज जुळला तरी आतली पिन धन की ऋण हे कंपनीगणिक बदलतं, आणि उलटा लागला तर सर्किट जळू शकतं. आपल्याकडचा कमीजास्त होणारा दाब आणि मांडवातला जनरेटर लक्षात घेता बॅटरीवर चालणारं मॉडेल सोयीचं. नाहीतर मधे चांगला स्टॅबिलायझर लावावा. वाजवून झालं की कापड टाकून ठेवावं, कारण नगरकडची उन्हाळ्यातली धूळ पट्ट्यांच्या फटींत सहज शिरते.

बाहेरचे आवाज भरता येणारं यंत्र घेतलंत, किंवा संगणकाचा मार्ग धरलात, तर पहिलं काम म्हणून गावातली एखादी हलगी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मोकळ्या रानात, वाऱ्याकडे पाठ करून, फोन हातभर दूर धरून. वाजवणाऱ्याला आधी विचारा, आणि गाणं झालं की त्याचं नाव त्यावर घाला. तोच एक फटका तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवर लावा: मूळ स्वरात, चार पट्ट्या खाली, आणि एक सप्तक खाली. खालचा फटका लांबतो, जड होतो, त्यातून हलगीचा न ऐकलेला बास निघतो. त्यावर तंबोऱ्याचा टोन धरा, आणि डाव्या हाताने चाक हलवत पहिली ओळ शोधायला लागा.